घाटरस्त्यासाठी टर्बोचा आकार निवडताना

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना किंवा रत्नागिरीकडून आंबा घाटात शिरताना चार सिलिंडरची गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, साधारण २००० ते ३५०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) दरम्यान चालते. म्हणून टर्बोची, म्हणजे एक्झॉस्ट वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या यंत्राची, निवड कमाल अश्वशक्तीवरून न करता याच पट्ट्यावरून करावी.

मोठा टर्बो कागदावर आकर्षक दिसतो, परंतु त्याचे जड चाक फिरवण्याइतका एक्झॉस्ट वायू लहान इंजिनाकडून कमी आरपीएमला मिळत नाही आणि वळणातून बाहेर पडताना गाडी रेंगाळते. उलट, फार लहान टर्बो लवकर दाब देतो, पण वरच्या आरपीएमला टर्बाइनपाशी (टर्बोच्या एक्झॉस्टकडील चाकापाशी) वायूची कोंडी होऊन हवा अकारण तापते.

हिशेब सोपा आहे. पेट्रोल इंजिनाच्या दर १०० अश्वशक्तीसाठी मिनिटाला सुमारे ४.५ किलो हवा लागते. किनाऱ्यावर वातावरणाचा दाब जवळपास १ बार असल्याने ०.७ बार बूस्टला (टर्बोने वाढवलेल्या दाबाला) दाबाचे गुणोत्तर १.७ येते. हवेचा प्रवाह आणि दाबाचे गुणोत्तर हे दोन आकडे कॉम्प्रेसरच्या (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाच्या) नकाशावर, म्हणजे त्याची कार्यक्षमता दाखवणाऱ्या आलेखावर, मांडावेत. बिंदू डावीकडच्या सर्ज रेषेपासून (जिच्या पलीकडे हवेचा प्रवाह अस्थिर होतो) दूर आणि मधल्या कार्यक्षम भागात पडला पाहिजे. हा नकाशा न दाखवणाऱ्या विक्रेत्याकडून मी तरी टर्बो घेणार नाही.

एप्रिल-मेच्या उकाड्यात इंटरकूलरवर (दाबलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या भागावर) काटकसर करू नये. इंजिनातील असा बदल करण्यापूर्वी आरटीओकडे परवानगीची चौकशी अवश्य करावी.