डॉक्युमेंटेशनमध्ये कमांड देताय? या चुका टाळा

इन्स्टॉलेशनच्या पानावरची कमांड नवखा माणूस जशीच्या तशी उचलून टर्मिनलमध्ये चिकटवतो. ती चालली नाही, की आपलंच काहीतरी चुकलं असं त्याला वाटतं. म्हणून ‘माझ्या लिनक्सवर चालली’ एवढ्यावर थांबू नका.

सगळ्यात जास्त रडवतो तो सेड, म्हणजे फाइलमधला मजकूर शोधून बदलणारी कमांड. फाइल जागच्या जागी बदलायला लिनक्सवर नुसता ‘-आय’ पर्याय दिला की भागतं. मॅकवरचा सेड बीएसडी या वेगळ्या युनिक्स घराण्यातला. त्याला ‘-आय’नंतर बॅकअप फाइलच्या नावाला जोडायचं शेपूट (जसं ‘.बॅक’) लागतंच. ते दिलं नाही, तर तो तुमचा शोधा-बदला आदेशच शेपूट समजतो आणि फाइलचं नाव आदेश म्हणून वाचायला जातो. त्यामुळे फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर बदललं की एररही बदलते. वाचणाऱ्याला काय कळणार? त्यावर मॅकवाले ‘-आय’पुढे रिकामी अवतरणचिन्हं देतात. तीच ओळ लिनक्सवर गेली, की तिथला सेड शोधा-बदला नावाची फाइल हुडकत बसतो. दोन्हीकडे चालतं ते एकच: ‘-आय’ला चिकटून, मध्ये जागा न सोडता ‘.बॅक’ लिहायचं. मागे उरलेली बॅकअप फाइल नंतर पुसायची, आणि तेही पानावर सांगायचं.

एरर येते ते तरी बरं. मला जास्त भीती वाटते ती गुपचूप होणाऱ्या चुकीची. उबंटू लिनक्सवर २००६ पासून ‘एसएच’ हा शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, बॅश नव्हे, डॅश असतो. तिथे एको या मजकूर छापणाऱ्या कमांडने, ‘एको -ई’ असं देऊन कॉन्फिगरेशन फाइल लिहिली, तर ‘-ई’ हीच अक्षरं पहिल्या ओळीत जाऊन बसतात. कमांड यशस्वी, फाइल बिघडलेली! एकोऐवजी प्रिंटएफ ही कमांड वापरा. स्क्रिप्ट असेल तर शेलचेक या तपासणीच्या टूलमधून काढा; बॅशपुरत्या लकबी तो दाखवतो.

मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मुळातला शेल झेडशेल आहे. कमांडच्या ठोकळ्यात हॅश लावून टीप लिहिली, तर टर्मिनलमध्ये चिकटवल्यावर झेडशेल मुळात तिला टीप मानत नाही, कमांड म्हणून चालवायला जातो. टीप ठोकळ्याबाहेर, साध्या मजकुरात लिहा. पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या पिपच्या कमांडमध्ये पॅकेजपुढे चौकोनी कंस असेल तर ते सगळं अवतरणात घाला, नाहीतर ‘नो मॅचेस फाउंड’ ही एरर ठरलेली. ओळीआधीचं डॉलरचिन्हही काढा, कॉपी करताना तेही सोबत येतं.

विंडोजसाठी मात्र जुळवाजुळव करत बसू नका, वेगळा ठोकळाच द्या. कमांड प्रॉम्प्टला एकेरी अवतरण कळत नाही, त्यामुळे कर्ल या वेब-विनंती पाठवणाऱ्या कमांडला दिलेला जेसन (डेटाचा मजकूर) मोडतो. ओळ तोडायला तिथे कॅरेट लागतो, पॉवरशेलमध्ये बॅकटिक. कुठला ठोकळा कुठल्या शेलचा, ते त्याच्या डोक्यावरच लिहा.