कमोडोर ६४ वरचा रेंगाळणारा बेसिक प्रोग्रॅम वेगवान कसा करावा

१९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे दहा लाख सायकली, म्हणजे घड्याळाचे ठोके, करतो. तरीही आत काहीही नसलेला फॉर-नेक्स्ट लूप हजार वेळा फिरवायला त्याच्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेला साधारण सेकंदभर लागतो. म्हणजे नुसतं मोजायलाच एका फेरीमागे हजारेक सायकली जातात. याचं कारण इंटरप्रिटर, म्हणजे बेसिकच्या ओळी वाचून अमलात आणणारा आतला प्रोग्रॅम. ओळ एकदा वाचली म्हणून तो ती लक्षात ठेवत नाही. प्रत्येक फेरीत तीच ओळ तो अक्षर अक्षर नव्याने वाचतो, व्हेरिएबल नव्याने शोधतो, आकडा नव्याने उलगडतो. वेग वाढवायचा तर हे पुन्हा पुन्हा होणारं काम हुडकून कमी करायचं. खाली मुख्यतः कमोडोर ६४ धरून लिहिलं आहे. दुसऱ्या यंत्रांवर जिथे उलटं घडतं, तिथे तसं सांगितलं आहे.

पहिली पायरी : आधी मोजा

अंदाजावर जाऊ नका. कमोडोरमध्ये टीआय नावाचं व्हेरिएबल सेकंदाला ६० ने वाढत असतं. संशयित भागाआधी त्याची किंमत टी मध्ये ठेवा, भाग संपल्यावर टीआय वजा टी छापा आणि ६० ने भागा. बीबीसी मायक्रोवर टाइम हे व्हेरिएबल सेकंदाचे शंभरावे भाग मोजतं. झेडएक्स स्पेक्ट्रमवर २३६७२ पासूनच्या तीन बाइट्समध्ये सेकंदाला ५० वेळा वाढणारा मोजक असतो. एकावेळी एकच बदल करायचा आणि लगेच मोजायचं. बहुतेक प्रोग्रॅममध्ये जवळपास सगळा वेळ एखाद्या आतल्या लूपमध्येच गेलेला सापडतो. बाकीच्या ओळी आहेत तशाच राहू द्या.

दुसरी पायरी : पद्धत बदला

ही पायरी गाळून थेट युक्त्यांकडे वळण्याचा मोह होतो, पण सर्वांत मोठी कमाई इथेच आहे. ९९७ ही मूळ संख्या आहे का हे तपासायला २ पासून ९९६ पर्यंत भागून पाहिलं तर ९९५ भागाकार होतात. वर्गमुळापर्यंत, म्हणजे ३१ पर्यंतच थांबलं तर ३० होतात. २ नंतर फक्त विषम भाजक घेतले तर १६. कितीही हुशारीने लिहिलेला ९९५ भागाकारांचा लूप साध्या १६ भागाकारांपुढे टिकणार नाही. फक्त वर्गमूळ लूपच्या आत काढू नका. एका संख्येसाठी ते एकदाच काढून व्हेरिएबलमध्ये ठेवा.

महागड्या क्रियाही ओळखून ठेवा. एक्सचा वर्ग घाताच्या चिन्हाने काढला तर बेसिक लॉगॅरिदम आणि घातांकाच्या लांबच्या वाटेने जातं, म्हणून एक्स गुणिले एक्स लिहा. साइन आणि कोसाइन सुरुवातीला एकदाच काढून ॲरेमध्ये भरा. मग लूपमध्ये फक्त ॲरे वाचायचा.

तिसरी पायरी : इंटरप्रिटरचं शोधकाम कमी करा

कमोडोर बेसिक साधी व्हेरिएबल्स ज्या क्रमाने पहिल्यांदा भेटली त्याच क्रमाने मेमरीत ठेवतं आणि दर वेळी यादीच्या डोक्यापासून शोधतं. म्हणून सर्वांत जास्त लागणारी व्हेरिएबल्स प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत जन्माला घाला, मग त्यांची सुरुवातीची किंमत शून्य असली तरी चालेल. ॲरे घोषित करण्याआधी सगळी साधी व्हेरिएबल्स तयार असावीत. नाहीतर प्रत्येक नव्या व्हेरिएबलला जागा करायला सगळे ॲरे पुढे सरकवावे लागतात.

लूपमधले आकडेही व्हेरिएबलमध्ये ठेवा. ५३२८० असं लिहिलं की दर फेरीत पाच अंकांचा मजकूर दशांश संख्येत बदलला जातो, पण व्हेरिएबल तयार किंमत देतं. शून्याच्या जागी नुसता टिंब लिहिला तरी कमोडोर त्याला शून्यच समजतं, आणि तेही जास्त चटकन. ही युक्ती मला फार आवडते. स्पेक्ट्रमवर मात्र या बदलाने वेग वाढेल अशी अपेक्षा धरू नका. तिथे ओळीतल्या आकड्यामागे त्याची तयार पाच बाइटी किंमत आधीच लपवून ठेवलेली असते.

टक्क्याच्या चिन्हाची पूर्णांक व्हेरिएबल्स वेगवान असणार असं वाटतं, पण कमोडोरवर ती हळू चालतात. प्रत्येक हिशेबाआधी त्यांचं दशांश संख्येत रूपांतर होतं. बीबीसी बेसिकमध्ये नेमकं उलटं आहे. तिथे पूर्णांक खरोखर वेगाने चालतात, आणि ए पासून झेड पर्यंतच्या एकाक्षरी पूर्णांकांना तर मेमरीत ठरलेल्या जागाच दिलेल्या आहेत.

आता गोटू (दुसऱ्या ओळीवर उडी) आणि गोसब (सबरुटीनकडे उडी मारून परत येणं). ओळ क्रमांक शोधताना कमोडोर क्रमांकाला २५६ ने भागून येणारा पूर्ण भाग पाहतं. लक्ष्याचा भाग चालू ओळीच्या भागापेक्षा मोठा असेल तरच शोध इथून पुढे सुरू होतो, नाहीतर प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीपासून. म्हणजे १००० वरून १०२० वर उडी मारली तर दोन्हीकडे ३ येतात आणि सगळा प्रोग्रॅम सुरुवातीपासून धुंडाळला जातो. १००० वरून १०३० वर उडी मारली तर ३ नंतर ४ येतो आणि शोध जागेवरून पुढे जातो. म्हणून सतत लागणाऱ्या सबरुटीन अगदी वर, लहान क्रमांकांवर ठेवा आणि तयारीचा भाग शेवटी ढकला. फॉर-नेक्स्टला हा शोध लागतच नाही, कारण परतीची जागा स्टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या नोंदींच्या मेमरीत, असते. नेक्स्टनंतर व्हेरिएबलचं नाव लिहिलं नाही तर आणखी काही सायकलींची बचत होते.

एका ओळीत अँडने दोन अटी जोडल्या की पहिली खोटी निघाली तरी दुसरी तपासली जाते. त्याऐवजी इफ देनच्या पुढे दुसरं इफ देन लिहा आणि बहुधा खोटी ठरणारी अट आधी ठेवा. आतल्या लूपमधल्या मोकळ्या जागा आणि रेम (टिपांच्या ओळी) काढा, पण बाकी प्रोग्रॅममधल्या टिपा राहू द्या.

चौथी पायरी : पडदा झाका

पडदा काढणारी व्हिक चिप अक्षरांची प्रत्येक ओळ काढताना प्रोसेसरला चाळीसएक सायकली थांबवते. पडद्याच्या एका चौकटीत (फ्रेममध्ये) अशा २५ ओळी असतात, म्हणजे साधारण पाच टक्के वेळ तिकडे जातो. लांबलचक गणित चालू असताना पोक (मेमरीतल्या जागेत आकडा लिहिणारी आज्ञा) ५३२६५, ११ दिलं की पडदा झाकला जातो आणि तो वेळ परत मिळतो. काम झालं की पोक ५३२६५, २७. झेडएक्स ८१ वर हाच उपाय फास्ट या आज्ञेने होतो आणि तिथला फायदा चौपटीच्या आसपास आहे.

पाचवी पायरी : आतला लूप मशीन कोडमध्ये न्या

पूर्ण प्रोग्रॅम बदलायची गरज नाही. पडद्याच्या १००० जागा पुसायला बेसिकच्या पोकला काही सेकंद लागतात. प्रोसेसरला थेट समजणाऱ्या मशीन कोडमध्ये एका फेरीत चार वेगवेगळ्या भागांत चार बाइट लिहा. प्रत्येक लेखनाला ५ सायकली, मोजक कमी करायला २ आणि मागे उडी मारायला ३, अशा एकूण २५. त्या २५० वेळा म्हणजे ६२५० सायकली. व्हिकने थांबवलेल्या सायकली सोडल्या तर हे काम सेकंदाच्या शंभराव्या भागाच्याही आत संपतं. लूपची जागा मेमरीच्या २५६ बाइटी पानाची सीमा ओलांडत नाही ना, तेवढं पाहा, कारण सीमा ओलांडणाऱ्या उडीला एक सायकल जास्त लागते. ४९१५२ पासूनची ४ किलोबाइट जागा बेसिक वापरत नाही. कोड तिथे ठेवा आणि सिस ४९१५२ या आज्ञेने बोलवा. सतत लागणारे मोजक झिरो पेजमध्ये (मेमरीच्या पहिल्या २५६ बाइट्समध्ये) ठेवले तर प्रत्येक वाचनाला चारऐवजी तीन सायकली लागतात.

प्रोसेसरला गुणाकार येत नाही, त्यासाठी तक्ता करा. प्रत्येक संख्येच्या वर्गाचा चौथा हिस्सा, अपूर्णांक सोडून, तक्त्यात भरा. ७ गुणिले ४ हवे असतील तर बेरीज ११ चा तक्ता ३० देतो आणि वजाबाकी ३ चा २. तीस वजा दोन, अठ्ठावीस. बेरीज आणि वजाबाकी दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतात, म्हणून सोडलेला अपूर्णांक दोन्हीकडे सारखाच असतो आणि उत्तर बिनचूक येतं.

स्पेक्ट्रमवर कोड ३२७६८ च्या वर ठेवा. त्याखालची १६ किलोबाइट रॅम पडदा काढणारी चिपही वापरते, त्यामुळे तिथे कोड अडखळत चालतो.

इम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) तपासताना वेग वाढवण्याची सोय बंद आहे ना, ते आधी पाहा. पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन्ही प्रकारांत चालवून बघा. पाल यंत्र ०.९८५ मेगाहर्ट्झवर चालतं आणि सेकंदाला ५० चौकटी काढतं, एनटीएससी यंत्र १.०२३ मेगाहर्ट्झवर ६० काढतं. एका चौकटीत जेमतेम बसणारं काम पालवर बसलं, तरी एनटीएससीवर ते चौकटीबाहेर जाऊ शकतं.