ज्येष्ठ पोहणाऱ्यांवर डॉक्युमेंटरी करायचीय? कॅमेरा आधी काठावर लावा

साठी-सत्तरीतली माणसं समुद्रात, तळ्यात पोहतायत, यावर छोटी फिल्म करू असं डोक्यात आलं की पहिली धावाधाव वॉटरप्रूफ कॅमेऱ्याची होते. थांबा जरा. पाण्यात गेलं की माणूस म्हणजे एक टोपी, एक गॉगल आणि मधूनमधून वर येणारा हात, दोन मिनिटांत सगळे सारखेच दिसायला लागतात. फिल्म असते ती काठावर, म्हणजे कोण घोट्याभर पाण्यात दहा मिनिटं उभं राहतं, कोण बडबडत सरळ घुसतं, बाहेर आल्यावर कोण कोणाला टॉवेल देतं, हे सगळं.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस कॅमेरा न नेता नुसतं जाऊन बसा. मग दोघं-तिघंच निवडा, अख्खा ग्रुप घेतलात तर एकही माणूस धड कळत नाही. परवानगी लेखी घ्या आणि त्यात स्पष्ट असू द्या की कपडे बदलताना शूटिंग नाही. तब्येतीबद्दल कोणी काही बोललं तर ते वापरू का, हे नंतर परत विचारा.

"या वयातही" हे शब्द स्क्रिप्टमधून काढूनच टाका. दक्षिण आफ्रिकेचे हार्ट सर्जन ऑटो थॅनिंग २०१४ मध्ये ७३ व्या वर्षी इंग्लिश खाडी पोहून गेले, सरळ रेषेत मोजली तरी ३३ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे म्हातारपणी पोहता येतं हे जगाला ठाऊक आहे, त्या आश्चर्यावर तुमची दहा मिनिटं निघणार नाहीत. "पोहताना कसं वाटतं?" हा प्रश्नही नको, उत्तर येतं "छान वाटतं" आणि विषय संपला. त्यापेक्षा विचारा, काठापर्यंत येऊन आज नको म्हणत परत फिरलात असं शेवटचं कधी झालं? आणि मग गप्प बसा, हे सगळ्यात अवघड.

गार पाणी असेल तर एक नियम पक्का: "एकदा परत आत जाता का, शॉट नीट नाही आला" असं म्हणायचं नाही. पाणी १५ अंशांच्या खाली असलं की शिरल्या शिरल्या श्वासावरचा ताबा सुटतो, हृदयावर ताण येतो, तो आपल्या शॉटसाठी दुप्पट कशाला करायचा. बाहेर आल्यावरही शरीराचं तापमान थोडा वेळ खाली जातच राहतं, कुडकुडायला नंतर लागतं, बटण लावायला बोटं चालत नाहीत. तेव्हा माईक तोंडासमोर धरू नका. आधी कोरडे कपडे, काहीतरी गरम पोटात, इंटरव्ह्यू अर्ध्या-पाऊण तासाने. आणि कॅमेऱ्यात डोळा घातलेला माणूस कोणावर लक्ष ठेवू शकत नाही, त्यासाठी वेगळा माणूस हवाच. कमरेला बांधायचा भडक रंगाचा फ्लोट असेल तर सुरक्षेला बरा आणि फ्रेममध्ये माणूस सापडायलाही.

आवाज बिघडला की फिल्म गेली. काठावरचा वारा सगळं खातो, माईकवर केसाळ कव्हर लावा, कॉलर माईक जाकिटाच्या चेनला घासत नाही ना ते हेडफोन लावून ऐका. नुसत्या पाण्याचा आवाज एक-दोन मिनिटं वेगळा घेऊन ठेवा, एडिटिंगला बसलात की कळेल कशाला ते.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. बॅटऱ्या थंडीत पटकन उतरतात, आतल्या खिशात ठेवा. अॅक्शन कॅमेऱ्याच्या काचेवर थेंब बसू नयेत म्हणून काच चाटून लगेच पाण्यात बुडवा (किळस वाटली तरी चालतं हे). पाण्याखाली लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच जातो, म्हणून अगदी जवळून घ्या. खाऱ्या पाण्यातून आलात की गोड्या पाण्याने धुवा. स्लो मोशन आणि वर पियानो, हा मोह आवरा.

एडिटमध्ये पोहण्याच्या शॉटवर इंटरव्ह्यूचा आवाज टाका, बोलणारे चेहरे कमी ठेवा. पहिला कट त्याच मंडळींना दाखवा. शरीर, आजार, घरच्या गोष्टी यातलं काही काढा म्हणाले तर वाद न घालता काढायचं. "माझा पोहण्याचा स्ट्रोक किती वाईट दिसतोय, हे काढ" म्हणाले तर मात्र थोडी घासाघीस करायला हरकत नाही.