साइड मिररची फक्त काच बदला

जळगाव-धुळे हायवेवर केळीच्या ट्रकला ओव्हरटेक करताना मागून येणारी मोटारसायकल साइड मिररमध्ये नेमकी दिसत नाही. त्यासाठी अख्खा मिरर बदलू नका, आतली काच तेवढी वाइड-अँगल बसवा. दुकानात आपल्या मॉडेलची, मागे प्लॅस्टिकची प्लेट असलेलीच मागा. नुसती काच स्वस्त मिळते, पण ती चिकटवत बसणं कटकटीचं.

१. गाडी थोडा वेळ उन्हात ठेवा (आपल्या खान्देशात ही पायरी आपोआपच होते). गरम प्लॅस्टिक लवतं, थंडीतल्या सकाळी क्लिप तुटते.

२. बहुतेक गाड्यांत काचेची गाडीकडची कड आत दाबली की बाहेरची कड वर येते. त्या फटीत प्लॅस्टिकची पट्टी घालून हळूच उचला. स्क्रूड्रायव्हरच वापरायचा तर त्याला चिंधी गुंडाळा. काच तडकलेली असेल तर आधी तिच्यावर आडवी-उभी चिकटपट्टी लावा आणि हातमोजे घाला.

३. मागे वायर असल्यास सोडवून नव्या काचेला जोडा.

४. नवी प्लेट क्लिपांवर टेकवून मधोमध तळहाताने दाबा. कडेला जोर दिला तर काच गेलीच समजा.

एकच बाजू करायची असेल तर डावी करा, ड्रायव्हरपासून तीच लांब.

जपायचं एवढंच: या काचेत मागची गाडी लहान आणि लांब वाटते. सवय होईपर्यंत लेन बदलण्याआधी मधल्या सपाट आरशात अंतर बघा, आणि मान वळवून एक नजर टाकाच.