नागपूरच्या उन्हात इन्फ्रारेड रोल: फिल्टर आणि डेव्हलपरची टीप

आर७२ फिल्टर (दिसणारा बहुतेक उजेड अडवून इन्फ्रारेड आत सोडणारी गडद काच) लावला की व्ह्यूफाइंडरमध्ये ठार अंधार, आणि घरी आलो तर टाकीचं पाणी इतकं गरम की डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) २० डिग्रीवर येतच नाही. दोन रोल वाया घालवल्यावर आता असं करून राहिलो:

१. कॅमेरा ट्रायपॉडवर. फ्रेम, फोकस आणि मीटरिंग (उजेड मोजणं) सगळं फिल्टर न लावता. रोलाय इन्फ्रारेड ४०० फिल्म असेल तर आयएसओ (फिल्मची उजेडाची संवेदनशीलता) १२ धरून मोजा, कॅमेऱ्याच्या मीटरला फिल्टरमधून विचारूच नका, तो काहीही सांगतो.

२. लेन्सवर इन्फ्रारेडची लाल खूण असली तर फोकस तिथे सरकवा, नसली तर लेन्सचं छिद्र लहान करून सरळ एफ ११. मग फिल्टर लावा. एक फोटो मोजल्याप्रमाणे, एक स्टॉप जास्त (दुप्पट उजेड), एक कमी (निम्मा). फुटाळा तलावाच्या काठची झाडं दुपारच्या उन्हात अशी पांढरीफटक येतात की बस!

३. डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणी, तिन्ही बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या टबात एकत्र ठेवा. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, पातळ होतो. मे महिन्यात २० चा हट्ट सोडून २४ वर केलं तरी चालतं, फक्त २० ला १० मिनिटं लागत असतील तर इथे साधारण ७ धरा.

एक मात्र सांभाळा, हा रोल भर उन्हात कॅमेऱ्यात भरू नका. फिल्मच्या पारदर्शक बेसमधून (पट्टीमधून) उजेड आत शिरतो आणि सुरुवातीच्या फ्रेम जातात, सावलीत भरला तरी डबीतून थेट कॅमेऱ्यात.