रानवाटांसाठी हलकी ऑफ-रोड मोटरसायकल निवडताना करायची तयारी

गाड्या पाहायला निघण्यापूर्वीचे पहिले काम कागद-पेन्सिलीचे आहे. ज्या वाटांवर आपण खरोखर जाणार आहोत त्या आठवून तीन गोष्टी लिहून काढाव्यात: वाट किती अरुंद आणि किती चढाची आहे, एका दिवसात साधारण किती किलोमीटर होतात, आणि वाट जिथे सुरू होते तिथपर्यंत गाडी डांबरी रस्त्याने चालवत न्यायची आहे की टेम्पोत किंवा ट्रेलरवर घालून. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराने निम्मी निवड होऊन जाते. डांबरावरून जायचे असेल तर दिवे, आरसे, नंबरप्लेट आणि रीतसर नोंदणी असलेलीच गाडी घ्यावी लागते, आणि केवळ स्पर्धेसाठी बांधलेल्या कित्येक गाड्यांची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. म्हणून विक्रेत्याच्या शब्दावर न थांबता कागदपत्रे आणि आपल्या भागातील नियम आधी पाहून घ्यावेत. वाट वनजमिनीतून किंवा कोणाच्या मालकीच्या जमिनीतून जात असेल तर परवानगीची चौकशीही याच टप्प्यावर करावी.

त्यानंतर वजनाचा विचार करावा आणि तो सवडीने करावा, कारण माझ्या मते या निवडीत त्याहून मोठा प्रश्न नाही. सपाट रस्त्यावर दहा किलोंचा फरक जाणवतही नाही. मात्र ओल्या दगडांच्या चढावर अर्ध्यात गाडी आडवी झाली, ती उचलून, उताराकडे वळवून, खाली नेऊन पुन्हा चढवावी लागली आणि असे दिवसातून आठ-दहा वेळा घडले, की त्याच दहा किलोंमुळे दुपारनंतर हातांत त्राण उरत नाही. थकलेला स्वार मग सोप्या जागीही पडू लागतो. म्हणून गाडी किती वेगाने पळते हे विचारण्याआधी ती आपल्याला एकट्याने किती वेळा उचलता येईल, हे स्वतःला विचारावे.

माहितीपत्रकातला वजनाचा आकडा वाचताना तो पेट्रोल, ऑइल आणि कूलंट धरून आहे की ते वगळून, हे तपासल्याशिवाय दोन गाड्यांची तुलना करू नये. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलोचे असते, त्यामुळे दहा लिटरच्या भरलेल्या टाकीनेच साडेसात किलो वाढतात. अंदाजासाठी काही आकडे लक्षात ठेवावेत: ट्रायल्स प्रकारची (दगड-अडथळ्यांवरून पाय न टेकता तोल सांभाळत नेण्याच्या स्पर्धेची) गाडी सत्तर किलोंच्या आसपास असते, पण तिला बसायला धड सीट नसते आणि टाकी अगदी लहान असते, केटीएमची ३०० ईएक्ससी पेट्रोल वगळता शंभर किलोंच्या थोडी वर भरते, यामाहाची एअर-कूल्ड (कूलंटऐवजी हवेने थंड होणारी) टीटी-आर २३० सगळे द्रव भरून ११५ किलोंच्या जवळपास असते, आणि रस्त्यावरही चालणारी होंडाची सीआरएफ ३०० एल सुमारे १४० किलोंची आहे. हलकेपणाचे महत्त्व काही नव्याने कळलेले नाही. १९६४ साली बुल्टाको या स्पॅनिश कंपनीने ट्रायल्समधले नामवंत स्वार सॅमी मिलर यांच्या मदतीने शेर्पा टी ही हलकी टू-स्ट्रोक गाडी आणली आणि १९६५ मध्ये मिलर यांनी तिच्यावर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही सहा दिवसांची स्पर्धा जिंकली. तोवर ते स्वतःच एरियल कंपनीच्या ५०० सीसीच्या जड फोर-स्ट्रोक गाडीवर जिंकत आले होते. पुढे १९६८ मध्ये यामाहाची २५० सीसी वर्गातली डीटी-१ बाजारात आली आणि साध्या हौशी माणसालाही रानवाटेवर नेता येईल अशी गाडी मिळाली.

गाडी प्रत्यक्ष पाहताना, मालकाची परवानगी घेऊन, ती मऊ जमिनीवर हलकेच आडवी करावी आणि एकट्याने उचलून पाहावी. पेट्रोल टाकीतून गळू नये म्हणून नळ आणि झाकण आधी बंद असल्याची खात्री करावी, गाडी गिअरमध्ये ठेवावी, आणि पाठ न वाकवता गुडघ्यांतून जोर लावावा. तीन वेळा सलग उचलल्यावर श्वास किती चढतो ते पाहावे. उतारावर पडलेली गाडी चाके उताराच्या बाजूला येतील अशी फिरवून मगच उचलायची असते, त्यामुळे ती जमिनीवर ओढून फिरवता येते का, हेही त्याच वेळी कळते. हा प्रयोग करायला अनेकांना संकोच वाटतो. पण नंतर एकट्याने दरीच्या कडेला पहिल्यांदा हे करण्यापेक्षा तो संकोच आजच सोडलेला बरा.

सीटच्या उंचीबाबत आकड्याला फार भुलू नये. पूर्ण आकाराच्या एन्ड्युरो (रानावनातल्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांसाठीच्या) गाड्यांची सीट ९५० मिलिमीटरच्या आसपास असते, तर सौम्य स्वभावाच्या ट्रेल गाड्यांची ८७० ते ८९० मिलिमीटर. तरीही मऊ स्प्रिंगची उंच गाडी स्वाराच्या वजनाने बरीच खाली बसते, आणि रुंद सीट कागदावर कमी उंचीची असूनही पाय जमिनीपासून दूर ठेवते. ज्या बुटांनी चालवणार तेच बूट घालून बसावे. दोन्ही पायांचे चवडे टेकले तर उत्तम; एकच पाय पूर्ण टेकत असेल तरी सरावाने निभावते, पण तिरप्या उतारावर दरीकडच्या बाजूला पाय पोहोचला नाही की गाडी जाणारच, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे. त्यानंतर पायदांड्यांवर उभे राहून हॅण्डल धरावे. रानवाटेवर बराच वेळ उभ्यानेच जातो. अशा वेळी कंबर वाकत असेल तर हॅण्डल उंच करता येईल का, ते विचारून घ्यावे.

इंजिनाच्या बाबतीत सीसीचा आकडा दुय्यम आहे. कमी वेगात इंजिन किती शांतपणे ओढते, हे खरे पाहायचे असते. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून, क्लच पूर्ण सोडून, माणसाच्या चालीने ती न अडखळता चालते का, हे पाहावे. त्यासाठी सतत अर्धा क्लच दाबून ठेवावा लागत असेल तर दगडांच्या वाटेवर डावा हात तासाभरात भरून येईल. क्लच दोन बोटांनी दाबता आला पाहिजे. एअर-कूल्ड फोर-स्ट्रोक गाडीची ताकद कमी असते, पण तिला रेडिएटर नसल्याने पडल्यावर तो वाकण्याची भीती नाही, देखभाल थोडी लागते आणि उतारावर थ्रॉटल सोडल्यावर इंजिनच गाडीला चांगले अडवते. २५० ते ३०० सीसीची टू-स्ट्रोक गाडी त्याच ताकदीच्या फोर-स्ट्रोकपेक्षा सहसा हलकी असते आणि तिच्या इंजिनाचा वरचा भाग (सिलिंडर-पिस्टन) उघडणे सोपे असते. मात्र उतारावर तिचे इंजिन फारसे अडवत नाही, आणि ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावे लागणारी गाडी असेल तर हिशेब चुकून चालत नाही. ५०:१ या प्रमाणाला एका लिटरमागे २० मिलिलिटर ऑइल लागते. कंपनीने सांगितलेले प्रमाण टाकीजवळ लिहून ठेवावे. पहिली गाडी घेणाऱ्याने शक्यतो सेल्फ-स्टार्ट असलेलीच घ्यावी, कारण चढावर तिरप्या उभ्या असलेल्या उंच गाडीला किक मारणे हे वेगळे कसब आहे.

मोटोक्रॉसची (आखलेल्या मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची) गाडी वजनाला हलकी आणि दिसायला तशीच असली तरी तिला भुलू नये. तिचे सस्पेन्शन उड्यांसाठी कडक केलेले असते, पहिला गिअर रानवाटेच्या संथ चालीसाठी लांब, म्हणजे जास्त वेगाचा, पडतो, टाकी लहान असते आणि मागचे चाक बहुधा १९ इंची असते. रानवाटेच्या गाडीला पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची चाक असावे; १८ इंची चाकावर टायरची बाजू उंच मिळते आणि दगडावर आपटताना ट्यूब रिममध्ये चिमटून फाटण्याची शक्यता कमी होते.

देखभालीचा प्रश्न खरेदीपूर्वीच सोडवून ठेवावा. स्पर्धेच्या घडणीच्या गाड्यांची देखभाल इंजिन चाललेल्या तासांवर मोजतात. त्यांचे ऑइल थोड्याच तासांनी बदलावे लागते आणि पिस्टनलाही ठरलेले आयुष्य असते. ट्रेल गाड्यांचा हिशेब बहुधा त्यापेक्षा बराच सैल असतो. मॅन्युअलमधले देखभालीचे वेळापत्रक आधी वाचावे, आणि तेवढा वेळ व हात आपल्याकडे नसतील तर मोहात न पडता साधी गाडी घ्यावी.

जुनी गाडी घेणार असाल तर आणखी जपून राहावे. पोहोचताच इंजिनाला हात जवळ नेऊन ते थंड आहे ना, हे पाहावे, कारण आधीच तापवून ठेवलेली गाडी सुरू होण्यातली अडचण लपवते. मग एअर फिल्टर काढून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आतल्या बाजूला स्वच्छ पांढरे कापड फिरवावे. कापडावर धूळ आली तर ती इंजिनातही गेली आहे असे समजावे. माझ्यासाठी तेवढे कारण परत फिरायला पुरेसे आहे. पुढचे चाक उचलून हॅण्डल हळूहळू फिरवावे आणि मध्ये कुठे अडकते का पाहावे, स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) आडवा हलवून बेअरिंगमधला खेळ तपासावा, स्पोकवर पान्याने हलकेच टकटक करून एखादा बद्द आवाज देतो का ऐकावे. शेवटी चौकटीवरचा क्रमांक कागदपत्राशी अक्षर-अक्षर जुळवावा.

गाडी ठरल्यावरही तिला आपल्या अंगाशी जुळवायचे काम उरते. अनेक एन्ड्युरो गाड्यांच्या स्प्रिंगा ७५ ते ८५ किलो वजनाच्या स्वाराला धरून दिलेल्या असतात. पूर्ण पोशाखात बसल्यावर मागचे सस्पेन्शन आपल्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे ३०० मिलिमीटरपैकी सुमारे १०० मिलिमीटर, खाली बसायला हवे. प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) कमी-जास्त करूनही ते जमत नसेल तर स्प्रिंग बदलावी. गाडी कमी वेगाला अडखळत असेल तर पुढचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) एका दाताने लहान करून पाहावे: तेराचे बारा केल्याने होणारा फरक मागच्या पन्नास दातांच्या स्प्रॉकेटला चार दात वाढवण्याइतका असतो आणि खर्च त्याहून कमी येतो. ट्यूब असलेल्या टायरमध्ये रानवाटेवर साधारण १२ ते १५ पीएसआय हवा ठेवतात. हवा कमी असल्याने टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटू नये म्हणून रिम-लॉक (टायर रिमला घट्ट धरून ठेवणारा तुकडा) बसवलेले असावे.

सजावटीच्या वस्तूंआधी बॅश प्लेट (इंजिनाखाली बसणारी संरक्षक पट्टी), धातूचा कणा असलेले हॅण्डगार्ड आणि लिक्विड-कूल्ड गाडी असेल तर रेडिएटरचे गार्ड घ्यावेत. या तीन वस्तूंअभावी फेरी अर्ध्यात संपते. सोबतच्या पिशवीत टायर लिव्हर, २१ इंची ट्यूब (अडचणीत ती मागच्या चाकातही चालवता येते), पंप, चेनची जोडकडी, क्लच आणि ब्रेकचे जादा लिव्हर, स्पार्क प्लग आणि त्याचा पाना ठेवावा. ओढ्यात गाडी बुडाली तर सेल्फ अजिबात दाबू नये: सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून, गाडी तिरपी करून पाणी बाहेर काढल्यावरच पुढचे पाहावे.

पहिली फेरी ओळखीच्या, सोप्या वाटेवर, सोबत एक अनुभवी स्वार घेऊन आणि पाच-दहा किलोमीटरचीच ठेवावी. परत आल्यावर गाडी धुण्याआधी सगळे स्पोक, चेनचा ताण, पायदांड्यांचे आणि मागच्या स्प्रॉकेटचे बोल्ट तपासून घ्यावेत. नव्या किंवा नुकत्याच बसवलेल्या चाकांचे स्पोक या पहिल्याच फेरीत सैल होतात.