मुंबईहून फर्स्ट एसीचा कूपे स्वस्तात कसा पकडायचा

रात्रीच्या गाडीत स्वतःची खोली पाहिजे, आतून दार लावून झोपायचंय, तर फर्स्ट एसीच बघायचं. त्यात चार बर्थची केबिन आणि दोन बर्थचा कूपे असतो, पण भाडं खोलीचं नाही, माणशी लागतं. म्हणून चौघं असाल तर एकाच पीएनआरवर काढा, बहुतेक वेळा आख्खी केबिन तुमचीच. दोघं असाल तर प्रेफरन्समध्ये कूपे टाका, पण मिळेलच असं नाही, तिकिटावर नुसतं कन्फर्म येतं आणि नंबर चार्ट लागल्यावर कळतो, तेव्हा हनीमूनवाल्यांनी आधीच गावभर सांगत फिरू नका.

आता पैशाचं. राजधानी, दुरांतोला सेकंड आणि थर्ड एसीत फ्लेक्सी फेअर असतं, दर 10 टक्के बर्थ विकले गेले की मूळ भाडं 10 टक्क्यांनी चढतं, पार 1.4 पटीपर्यंत. फर्स्ट एसीला हे नाही! त्यामुळे दिल्लीला जायचं उशिरा ठरलं असेल तर फर्स्ट आणि सेकंड एसी दोन्ही उघडून बघा, फरक बराच कमी झालेला असतो. कोकणकन्या, विदर्भ, महालक्ष्मी या गाड्यांना फ्लेक्सी नाहीच, नागपूरला मी तरी दुरांतो सोडून विदर्भच बघेन.

भाडं चढत नाही म्हणून निवांत बसायचं नाही हां, बर्थ मोजकेच असतात, काही गाड्यांना तर अर्धाच डबा फर्स्टचा. बुकिंग 60 दिवस आधी सकाळी 8 ला उघडतं, प्रवासाचा दिवस न धरता, आणि उघडल्या उघडल्या फक्त आधार व्हेरिफाय केलेलं अकाउंट चालतं, ते आधीच करून ठेवा, गणपतीत तर नक्कीच. तत्काळच्या भरवशावर राहू नका, फर्स्ट एसीला तत्काळ नसतंच.

ठाण्याहून वेटिंग दाखवत असेल तर सीएसएमटीपासून चेक करा आणि बोर्डिंग ठाणे टाका, भाड्यात फार फरक पडत नाही. मग मात्र ठाण्यालाच चढायचं.

पेमेंट यूपीआयनेच करा, एसी तिकिटाची कन्व्हिनियन्स फी 30 ऐवजी 20 लागते, वर जीएसटी. सेकंड एसीच काढत असाल तर ऑटो अपग्रेडला टिक करा, फर्स्टला जागा उरली तर त्याच पैशात नंबर लागू शकतो. आणि राजधानीत जेवण नको असेल तर बुकिंग करतानाच तसं निवडा, तेवढे पैसे भाड्यातून कमी होतात.